कुंडलिकेचं पाणी मुंबईच्या घड्याळावर

मार्च उजाडला की कोकणातल्या नद्यांकडे पुलावरून बघवत नाही. डोहांची तुटकी माळ उरते. एका डोहात म्हशी, दुसऱ्यावर धुणं, मधे तापलेला काळा कातळ. कोलाडची कुंडलिका याला अपवाद. सकाळी तिच्यात पाणी चढतं, दोन-तीन तास ती फेसाळत वाहते आणि दुपारपर्यंत पुन्हा गुडघाभर होते. पाऊस नाही की भरती नाही. वर वीज तयार झाली म्हणून खाली पाणी आलं, एवढंच कारण. राफ्टिंगला, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून (राफ्टमधून) नदी उतरायला निघालेल्या मुंबईकराने एवढं कारण नीट समजून घेतलं की बाकी गोष्टी आपोआप जागेवर बसतात: घरून किती वाजता निघायचं, राफ्टमध्ये हवा किती भरायची, कुठला पक्षी कुठे दिसणार.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच, मुळेचं आहे. पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदी अडवलेली आहे. अडवली नसती तर ती मुठेला मिळून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेली असती. टाटांनी तिचं पाणी पश्चिमेला फिरवलं. घाटमाथ्याखालून बोगदा, पुढे डोंगरउतारावरून पोलादी नळ आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याचं वीजघर. १९१५ ला खोपोली, १९२२ ला भिवपुरी आणि १९२७ ला भिरा, अशी तीन वीजघरं मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि शहरासाठी उभी राहिली. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती त्या मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. धरण मात्र झालंच.

आता हे पाणी ठरावीक वेळीच का सुटतं? कोळशावरचा थंड पडलेला वीजसंच चालू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचं चाक झडप उघडल्यावर काही मिनिटांत पुऱ्या वेगाला येतं. म्हणून विजेची मागणी चढते त्या वेळांसाठी धरणातलं पाणी राखून वापरतात. पार्ल्यातले गीझर आणि लोअर परळचे एसी, दोन्हींचा कुंडलिकेशी असा संबंध आहे. भिऱ्यात १५० मेगावॅटचा एक संच तर उलटाही फिरतो. वीज मुबलक असते त्या वेळी तो खालचं पाणी परत वर चढवतो. भिऱ्यातून निघालेलं पाणी रवाळज्याला पुन्हा अडतं, तिथे महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीच्या केंद्रातून दुसऱ्यांदा वीज देतं आणि मग नदीच्या पात्रात येतं. राफ्ट उतरवायची जागा त्याच्याही खाली, साजे गावाजवळ.

तेव्हा आदल्या संध्याकाळी फोन करायचा तो पाण्याची चौकशी करायला. उद्या पाणी आहे का, किती वाजता सुटेल असं कळलंय, आणि नाही सुटलं तर पैशांचं काय, हे तिन्ही प्रश्न स्पष्ट विचारावेत. यंत्रांची दुरुस्ती निघाली किंवा मागणी कमी असली तर वेळ पुढे-मागे होते, कधी पाणी येतच नाही. ‘तुम्ही या तर, बघू’ असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. आणि सकाळचं पाणी चुकलं की दिवस गेला असं समजावं. दुपारी दुसरी फेरी मिळेल हा हिशेब या नदीवर चालत नाही.

सायन किंवा वाशीहून निघणाऱ्याने साडेचारला गाडी सुरू करावी. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाड, दक्षिण मुंबईतून धरलं तर साधारण १२० किलोमीटर. कोलाडवरून भिऱ्याच्या दिशेला आत वळायचं. अंतर बघून अडीच तास काढणारे बरेच असतात, पण मुंबई-गोवा महामार्गाचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नये. आठला जागेवर पोचायचं असेल तर वडखळ साडेसहाच्या आत मागे पडलं पाहिजे. रेल्वेने जायचं तर आदल्या दिवशी रोह्याला उतरून मुक्काम करणंच शहाणपणाचं. रोह्याला कोकण रेल्वेची हद्द सुरू होते आणि पुढचंच स्टेशन कोलाड. तिथे मालाने भरलेले अख्खे ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढताना दिसतात, ते बघायला पाच मिनिटं काढायला हरकत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात: वाटेत पोहे किंवा उपमा, तोही बेताने. वडापाव-मिसळ परतीला. भरल्या पोटी राफ्टच्या कडेवर कमरेत वाकून वल्हं मारायचं म्हणजे पहिल्याच रॅपिडनंतर (खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याच्या टप्प्यानंतर) घशाशी येतं. पाणी मात्र भरपूर प्यावं, कारण नदीत बसलं तरी घाम येतच असतो, फक्त तो कळत नाही.

कपड्यांत लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे जीन्स. ओली झाली की ती मांडीला आवळते आणि पाण्यात पडलात तर पायांवर वजन बांधल्यासारखं होतं. ट्रॅकपँट, सायकलिंग शॉर्ट्स, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट पुरे. दुसरी चूक चपलेची. अंगठ्याची चप्पल पहिल्या धक्क्याला रोह्याच्या वाटेला लागते आणि मग उतरताना तापलेल्या कातळावरून अनवाणी चालावं लागतं. मागे पट्टा असलेला फ्लोटर किंवा जुने कॅनव्हासचे बूट. चष्म्याला मागून दोरी बांधावी. अंगठ्या आणि लोंबणारी कानातली घरीच ठेवावीत, कारण दोरीत बोट अडकलं आणि त्यात अंगठी असली तर जखम वाईट होते. मोबाइलची प्लॅस्टिकची पिशवी ‘वॉटरप्रूफ’ असते ती बादलीत. आणि एक गोष्ट सगळे विसरतात: चढायची जागा आणि उतरायची जागा यांत १२ किलोमीटरचं अंतर आहे. कोरडे कपडे, टॉवेल आणि गाडीची किल्ली खाली जाणाऱ्या गाडीत गेली का, हे राफ्टमध्ये पाय टाकायच्या आधी विचारावं.

लाइफ जॅकेट निवडताना मापावर अडून बसावं. सगळी बकलं लावायची, बाजूचे पट्टे खालून वर अशा क्रमाने ओढायचे, आणि मग बरोबरच्याला सांगायचं की खांद्याचे दोन्ही पट्टे धरून जॅकेट जोरात वर खेच. जॅकेट हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. पाण्यात ते तसंच वर जाणार आणि तोंड खाली राहणार. पट्टे ओढूनही सरकत असेल तर लहान मापाचं मागावं. दीर्घ श्वास घेता येतो पण जॅकेट हलत नाही, ही बरोबर जागा. फोम हाताने दाबून बघावा. चुरा झालेला, पापडासारखा कुरकुरणारा फोम म्हणजे जॅकेटचं वय झालं. हेल्मेट कपाळावर बसलं पाहिजे, टाळूवर नाही. भुवया आणि हेल्मेट यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा दिसली तर मागचा स्क्रू फिरवून घ्यावा. केस मोकळे नकोत, अंबाडाही नको, कारण त्यावर हेल्मेट डुगडुगतं. मानेशी सैल वेणी ठीक.

राफ्ट ही एक मोठी ट्यूब नसते. बाहेरचं कडं आतून पडदे घालून चार किंवा अधिक कप्प्यांत विभागलेलं असतं. म्हणजे एक कप्पा फाटला तरी बाकीचे तरंगवतात. मधे आडव्या फुगीर पट्ट्या असतात, गाइड त्यांना थ्वार्ट म्हणतात. त्या होडीला ताठ ठेवतात आणि त्यांच्याखाली पाय अडकवून बसणाऱ्याला आधार मिळतो. तळ वेगळा फुगवलेला असून कडेला दोरीने शिवलेला असतो. त्या शिवणीच्या फटीतून आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं, बादलीने उपसावं लागत नाही. राफ्टमध्ये पाणी आलं म्हणून घाबरणाऱ्यांनी एकदा खाली वाकून ती शिवण बघावी.

हवेची गंमत अशी की सकाळी उन्हात कडक भरलेली राफ्ट पाण्यात टाकली की पाच-दहा मिनिटांत मऊ पडते. धरणाच्या खोलातून आलेलं पाणी गार असतं. आतली हवा आकसते आणि राफ्ट मधे वाकायला लागते. वाकलेली राफ्ट लाटेवर चढत नाही, लाटेत घुसते. म्हणून चांगला गाइड आधी राफ्ट पाण्यात ठेवतो, तिला गार होऊ देतो आणि मग पुन्हा पंप मारतो. अंगठ्याने दाबलं तर किंचित आत जावं, पण टिचकी मारल्यावर आवाज ढोलकीसारखा यावा. दुपारी उलटं. काठावर ओढून उन्हात सोडलेल्या राफ्टची थोडी हवा सोडली नाही तर आतले पडदे उसवतात.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी ‘टी’सारखी मूठ असते. बाहेरचा हात दांड्यावर, पात्यापासून वीतभर वर, आणि आतला हात त्या मुठीवर, अंगठा खालून वळवून. या मुठीवरचा हात सुटता कामा नये, हा राफ्टिंगमधला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा नियम. नदीवरची बरीचशी जखम कातळाने होत नाही, शेजाऱ्याच्या मोकळ्या मुठीने होते: ओठ फुटतो, दात हलतो. मूठ मुठीत राहिली की ती कोणाच्या तोंडावर जात नाही.

बसायचं कडेच्या ट्यूबवर, आतल्या बाजूला दोरी धरून आरामात नाही. पुढचा पाय समोरच्या थ्वार्टखाली किंवा तळाच्या खोळीत, मागचा पाय मागच्या थ्वार्टखाली. चवडा अडकवायचा, घोटा नाही. उलटल्यावर पाय सुटला पाहिजे. वल्हं हातांनी मारायचं नसतं, कमरेतून पुढे झुकून पातं पूर्ण बुडवायचं आणि पाठीने मागे यायचं. पुढे बसलेले दोघे लय ठरवतात, बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून वल्हं टाकायचं. आठ जण आठ तालांत वल्ही मारत असतील तर राफ्ट गोल फिरण्यापलीकडे काही करत नाही.

आज्ञा मोजक्याच असतात आणि त्या इंग्रजीतच दिल्या जातात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, राइट बॅक, लेफ्ट बॅक, गेट डाउन, हाय साइड. आज्ञा ऐकू येताच हात चालला पाहिजे, विचार नंतर. ‘स्टॉप’ म्हटल्यावरही जोशात दोन वल्ही जास्तीची मारणारे असतात. त्या दोन वल्ह्यांनी राफ्ट नेमकी तिरकी होते. ‘हाय साइड’चा अर्थ उलटा लागतो म्हणून तो समजून घ्यावा. राफ्ट आडवी होऊन खडकावर रेलली की माणूस आपसूक खडकापासून लांब, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला सरकतो. तिथे वजन पडलं की ती कड खाली दबते, पाणी वरून आत शिरतं आणि राफ्ट खडकाला कागदासारखी चिकटते. ‘हाय साइड’ ऐकलं की सगळ्यांनी खडकाच्या बाजूच्या, उंच झालेल्या ट्यूबवर झेप घ्यायची. खडकाला मिठी मारायला जातोय असं वाटतं, पण तेच बरोबर असतं.

पाण्यात पडल्यावर काय करायचं, हे सांगताना गाइडचा आवाज बदलतो. तेवढा भाग मोबाइलवर रील बघत ऐकू नये. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्याच्या पृष्ठभागावर दिसतील इतकी वर, गुडघे किंचित वाकलेले. समोरून येणाऱ्या खडकाला पायांनी ढकलायचं. आणि पाणी कमरेएवढंच आहे असं दिसलं तरी उभं राहायचं नाही. कुंडलिकेचा तळ बेसॉल्टचा आहे, भेगाळलेला, रांजणखळग्यांचा. उभं राहायला टेकवलेलं पाऊल अशा भेगेत शिरतं, प्रवाह मागून गुडघ्याला ढकलतो, माणूस पुढे पडतो आणि पाऊल तिथेच राहतं. गुडघाभर पाण्यात पोहणारा माणूस बुडतो तो असा. पाणी संथ आणि घोट्याच्या खाली असेल तेव्हाच उठायचं.

फेकदोरीची पिशवी (पाण्यात पडलेल्याला ओढून घ्यायला फेकतात ती) आली तर दोरी पकडायची, पिशवी नाही. दोरी छातीशी, एका खांद्यावरून घ्यायची आणि दोरी फेकणाऱ्याकडे पाठ करून उताणं राहायचं. तोंड त्याच्याकडे केलं की पाण्याची धार थेट नाकातोंडात जाते. दोरी मनगटाला गुंडाळायची तर कधीच नाही. राफ्ट उलटून तुम्ही तिच्याखाली आलात तर हात डोक्यावर लावायचे आणि छताला हात लावत चालावं तसं एकाच दिशेला सरकत राहायचं. दिशा बदलली की आतच घोटाळत राहाल. कुणाला वर ओढून घ्यायचं तर त्याचे हात धरून ओढू नये. जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरायचे, गुडघे ट्यूबला टेकवायचे आणि मागे पडायचं. मागे पडणाऱ्याच्या वजनाने पाण्यातला आपोआप आत येतो.

पोहता येत नसलं तरी चालतं, हे खरं आहे. पण दारू प्यालेल्याला, गरोदर बाईला, हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्याला आणि खांदा पूर्वी निखळलेल्याला चालत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना सहसा घेत नाहीत आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नसतं.

साज्याच्या काठावर उतरलं की पाणी अजून आलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. ही वाट बघणं फुकट घालवू नये. काठाशी, पाणी संपतं तिथे मुठीएवढा दगड ठेवावा आणि घड्याळ बघावं. आधी पात्रात फक्त एक आवाज येतो, लांबून ट्रक यावा तसा. मग डोहावरची सुकी पानं, काड्या आणि फेस एकदम खाली सरकायला लागतो. दगडाभोवती ओलावा, मग दगड अर्धा, आणि काही मिनिटांत तो शोधावा लागतो. काठच्या खडकांवर एक सरळ रेघ दिसते: खाली शेवाळ धरलेला काळपट-हिरवा पट्टा, वर कोरडा करडा दगड. पाणी रोज चढतं ते इथवर. त्या रेघेपर्यंत पाणी आलं की राफ्ट सुटतात.

सुटायची वेळ गाइड का ताणतात, हे इथे कळतं. पाण्याच्या पहिल्या लाटेबरोबरच निघालं तर राफ्ट पाण्याला मागे टाकते आणि पुढच्या कोरड्या कातळावर जाऊन बसते. फार उशीर केला तर शेवटच्या टप्प्यात वरचं पाणी बंद झालेलं असतं आणि ओसरत्या नदीत राफ्ट ओढत न्यावी लागते. पाण्याच्या पोटात राहायचं, तोंडावरही नाही आणि शेपटीवरही नाही.

इथले रॅपिड आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. सहावी श्रेणी म्हणजे जिथे शहाणा माणूस उतरत नाही. सुरुवातीच्याच एकाचं नाव ‘मॉर्निंग हेडेक’ आहे. पण नावांपेक्षा पाणी वाचायला शिकलं तर पुढे कुठल्याही नदीवर उपयोग होतो. वरून बघताना पाण्यावर इंग्रजी ‘व्ही’ दिसतो. त्याचं टोक खालच्या दिशेला असेल तर दोन खडकांमधून मोकळी, खोल वाट आहे. टोक वरच्या दिशेला, आपल्याकडे असेल तर टोकाशी खडक आहे, पाण्याखाली लपलेला. सरळ रांगेत उभ्या राहिलेल्या, जागा न सोडणाऱ्या लाटा म्हणजे खालचं पाणी खोल आहे, त्या मजेच्या. पण एकच गुळगुळीत फुगवटा आणि त्याच्यामागे वरच्या दिशेला वळणारा फेस दिसला तर तिथे पाणी खडकावरून पडून गोल फिरतंय. राफ्ट त्यात मंद गतीने आणि आडवी शिरली की अडकते. म्हणून लाट समोर दिसत असताना वल्हं थांबवायचं नाही. घाबरून सगळे आत बसले की राफ्टचा वेग नदीएवढाच उरतो आणि मग सुकाणू असून नसल्यासारखं. नदीपेक्षा जास्त वेग असला तरच गाइडला ती वळवता येते.

मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला पाणी उलटं, वरच्या दिशेला वाहतं. गाइडांच्या भाषेत एडी. तिथे राफ्ट उभी करून मागच्यांची वाट बघतात. एडीत शिरताना प्रवाहाची आणि एडीची शिवण ओलांडावी लागते आणि त्या क्षणी राफ्ट एका बाजूला झुकते. नेमके त्याच वेळी लोक सुटकेचा श्वास टाकून सैल बसतात. रॅपिड पार करून एडीत पाण्यात पडलेले लोक पुष्कळ.

काठावरून पाण्यात झुकलेल्या फांद्यांपासून मात्र सगळ्यांनी लांब राहावं. पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही. वाहत तिकडेच चाललात तर उताणं राहण्याचा नियम मोडायचा: पालथं व्हायचं, डोकं पुढे, जोरात हात मारत जायचं आणि फांदीवर चढायचं. तिच्याखालून जायचं नाही.

अर्ध्यानंतर नदी संथ होते. बाहेरून आलेले बरेच जण इथे कंटाळतात, पोहायला उतरतात, आरडाओरडा करतात. गप्प बसलं तर नदीचा खरा ऐवज इथेच आहे. पात्रातल्या खडकांच्या भेगांत शेरणीची झुडपं दिसतात: अरुंद, कण्हेरीसारखी पानं, चिवट, वाकणाऱ्या काड्या. ही रोज बुडतात आणि रोज वर येतात. प्रवाहात ताठ राहणारं झाड उपटलं जातं. शेरणी पाण्याबरोबर आडवी होते आणि मुळं मात्र भेगेत घट्ट. वरच्या काठावर वाळुंज, करंज, जांभूळ आणि उंबर. उंबर पिकलेला असेल तर त्याच्याखाली राफ्ट थांबवून वर बघावं, धनेश पक्षी दिसण्याची आशा असते.

पक्षी पाण्याच्या घड्याळाने बसतात. पाणी चढलेलं असताना खंड्या काठच्या तारेवर किंवा फांदीवर गप्प असतो; गढूळ, धावत्या पाण्यात त्याला मासा दिसत नाही, तेव्हा तो शेताकडचे नाकतोडे आणि सरडे बघतो. पाणकावळे खडकावर पंख वाळवत बसलेले सापडतात, कारण त्यांच्या पिसांत पाणी मुरतं. परीट पक्षी मात्र नेमका पाण्याच्या कडेला, चढत्या पाण्याच्या एक पाऊल पुढे शेपटी हलवत पळतो, ओलावा आल्यावर दगडाखालून निघणारे किडे टिपत. सावलीतल्या खडकावर काळसर पंखांची टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण बारीक कीटक, बसलेली असते. ती उडाली की पंखांत हिरवा धातूसारखा झगमगाट होतो आणि बसली की विझतो. तिची पिल्लं पाण्यात वाढतात, वाहतं आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी त्यांना लागतं. संथ डोहावर ती शोधू नये. तिथे पाणनिवळीचे किडे असतात. वर घार दिसली असं वाटलं आणि ती तीन सुरांत ओरडत गोल फिरत असली, पंखांखाली रुंद पांढरा पट्टा दिसला, तर तो सर्पगरुड.

पावसाळ्यात हे सगळं बदलतं. तेव्हा धरणाच्या पाण्याला ओढ्यांचं पाणी मिळतं, रंग चहाचा होतो, काठाची ती रेघ बुडते आणि पाण्याखालच्या फांद्या दिसत नाहीत. फेऱ्या चालू असतात. मजाही जास्त येते हे मान्य. पण घाटात रात्रभर मुसळधार पाऊस झाला असेल आणि गाइड नको म्हणत असेल तर त्याला चार हजार जास्त देऊन उतरवायला लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर ते मार्च धरावा.

दीड-दोन तासांत उतरायची जागा येते. राफ्ट सगळ्यांनी मिळून उचलायची, ओढायची नाही. कातळावर तळ घासला की शिवण जाते. खांद्यांत आणि तळहातांत गोळे आलेले असतात, अंगठ्याच्या बेचक्यात फोड. घाईने कपडे बदलून गाडीत बसण्याआधी अर्धा तास काठावर बसता आलं तर बसावं. वरची झडप बंद झालेली असते. आधी लाटा बसतात, मग ज्या खडकांवरून राफ्ट घसरली ते एकेक करून डोकं वर काढतात, शेरणी सरळ होते. काठालगतच्या खळग्यांत वीत-दीड वीत पाणी अडकतं आणि त्यात माशांच्या पिल्लांचा थवा, बाहेरची वाट तुटलेला. उन्हाने ते पाणी तापायच्या आत वंचक बगळा येऊन उभा राहतो, मातकट, मान खांद्यात घेतलेला, खडकाचाच तुकडा वाटावा असा. तो घाई करत नाही. उद्या सकाळपर्यंत पाणी येणार नाही.